नेरळचं छोटं इंजिन आणि आमची बंद पडलेली वेबसाइट

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधले दोन वीकेंड प्रॉडक्शनच्या आगी विझवण्यात गेले. असो.

गेल्या शनिवारी दुपारी खोपोलीला घरी पडलो होतो, तेवढ्यात मंग्याचा फोन. मंग्या म्हणजे माझा इंजिनीअरिंगचा पार्टनर, राहणार नेरळ. इकडची तिकडची चौकशी नाही, काही नाही. सरळ म्हणाला, "ए, परत सुरू करूया का रे?"

काय सुरू करायचं ते विचारायची गरजच नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१८ च्या हिवाळ्यात, फायनल इयरला असताना, आम्ही दोघांनी माथेरानच्या खोल्या बुक करायची एक वेबसाइट काढली होती. मोठी हॉटेलं सगळ्या बड्या साइटवर असायचीच. पण घरगुती लॉज, चार-सहा खोल्यांची, ती कुठेच नव्हती. आम्ही ती शोधून टाकणार, फोटो काढणार, बुकिंग घेणार, कमिशन कमावणार. आणि पुढे महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा.. नकाशा भिंतीवर लावून झाला होता :-)

बाबांनी १,८०,००० रुपये दिले. खोपोलीच्या एका कारखान्यात शिफ्टा करून साठवलेले. त्यातून कॅमेरा, सर्व्हर, जाहिराती आणि काही लॉजवाल्यांना आगाऊ रक्कम. वेबसाइट दिसायला फर्स्टक्लास होती. मागे मात्र काय होतं? तर एक फॉर्म. गिऱ्हाईकाने बटण दाबलं की मंग्याला मेसेज जायचा, मंग्या लॉजवाल्या काकांना फोन लावायचा, काका म्हणायचे "थांब, वहीत बघतो", आणि मग मंग्या हातानेच "आपले बुकिंग निश्चित झाले आहे" असा मेल पाठवायचा. ह्याला आम्ही प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये "रिअल-टाइम इन्व्हेंटरी" म्हटलं होतं.

हे चांगलं दीड वर्ष चाललं. मग २०१९ च्या पावसात माथेरानची रेल्वे वाहून गेली, आणि २०२० च्या मार्चमध्ये सगळं जगच बंद झालं. आम्हीही झालो.

मंग्याला म्हटलं, विचार करून सांगतो. आणि विचार करायचा म्हणून रविवारी पहाटे उठून नेरळला गेलो, छोट्या गाडीत बसलो आणि वर माथेरानला जाऊन आलो. गेली काही वर्षं मला आमच्या भागाच्या रेल्वेच्या इतिहासाचं वेड लागलंय. त्या गाडीत बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आम्ही ज्याला "स्टार्टअपचे धडे" म्हणून परदेशी पुस्तकांत शोधत होतो, ते सगळे कर्जत आणि खालापूर ह्या दोन तालुक्यांत, आमच्या घरापासून तासाभराच्या आत, दीडशे वर्षांपासून पडलेले आहेत. आज तेच सांगतो.

पहिला धडा माझ्याच गावातला.

मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. त्यानंतर तीनच वर्षांत, १८५६ मध्ये, रेल्वे खोपोलीपर्यंत आली. पुढे सह्याद्री आडवा. तिकडून पुण्याहून खंडाळ्यापर्यंतची लाईन १८५८ मध्ये सुरू झाली. मधला बोरघाट मात्र बाकी. घाटाची चढण म्हणजे जवळपास पंधरा मैलांत अठराशे फूट चढायचं, पंचवीस बोगदे खणायचे. ते काम पूर्ण व्हायला १८६३ चा एप्रिल उजाडला.

आता प्रश्न असा, की १८५८ ते १८६३ ही पाच वर्षं रेल्वे कंपनीने काय केलं? घाट पूर्ण होईपर्यंत दुकान बंद ठेवलं का? अजिबात नाही. मुंबईहून येणारा माणूस खोपोलीला उतरायचा. तिथून जुन्या घाटरस्त्याने (हा रस्ता १८३० चा) पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून वर खंडाळ्याला जायचा, आणि तिथे दुसऱ्या गाडीत बसून पुण्याला. म्हणजे दोन्ही टोकांना वाफेचं इंजिन आणि मध्ये माणसांचे खांदे!

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतच हसलो. अहो, हीच तर आमची वेबसाइट! पुढे चकचकीत फॉर्म, शेवटी चकचकीत मेल, आणि मध्ये मंग्या धावतोय. आम्हाला ह्याची लाज वाटायची. कुणी विचारलं की आम्ही विषय बदलायचो. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेसारख्या कंपनीला त्याची लाज वाटली नव्हती. लोकांना पुण्याला जायचंय का, किती जणांना जायचंय, माल किती येतो, हे सगळं त्यांना बोगदे पूर्ण व्हायच्या आधीच समजत होतं.

इंटरनेटवरचे धंदे असेच सुरू झालेत. फ्लिपकार्ट २००७ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिली ऑर्डर आलेलं पुस्तक त्यांच्याकडे नव्हतंच. बेंगळुरूच्या दुकानांतून शोधून आणून पाठवावं लागलं. रेडबसच्या फणींद्र सामाला २००५ च्या दिवाळीत गावी जायला बसचं तिकीट मिळालं नाही, त्या वैतागातून २००६ मध्ये त्यांनी कंपनी काढली. बसवाल्यांकडे संगणक नव्हते, वह्या होत्या. आधी त्या वह्यांशीच जुळवून घ्यावं लागलं. २०१३ मध्ये ती कंपनी विकली गेली तेव्हा देशभर बातमी झाली, पण वह्यांची बातमी कुणी केली नाही.

बोरघाटाच्या कामाबद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मूळ ठेकेदार फॅविएल १८५९ मध्ये ठेका सोडून गेला. कामावर मजुरांचा दंगा झाला होता. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा ठेकेदार विलायतेहून आला आणि आल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस. परका देश, नवरा गेलेला, समोर अर्धवट घाट. तिने ठेका परत केला नाही. ॲडमसन आणि क्लाऊझर ह्या दोन इंजिनीअरांच्या हाती काम देऊन तिने तो पुरा करून घेतला. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांच्या घरात मजूर होते. कॉलरा, ताप, दरडी.. त्यातले किती परत गेले नाहीत, त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. आम्ही लहानपणापासून त्या बोगद्यांतून पुण्याला जातो आणि शीळ घालतो, एवढंच.

दुसरा धडा वड्याचा आहे. हसू नका!

कर्जतचा दिवाडकरांचा वडा माहीत नाही असा मुंबई-पुण्याचा माणूस विरळा. आता हा वडा कर्जतलाच का गाजला? बदलापूरला का नाही, वांगणीला का नाही? उत्तर इंजिनीअरिंगमध्ये आहे. बोरघाटाचा चढ सदतीस फुटाला एक फूट असा आहे. लांब पल्ल्याची गाडी एका इंजिनावर तो चढत नाही. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला थांबवून मागून जादा इंजिनं जोडतात. गाडी थांबणार हे नक्की. लोक खिडकीतून बघणार हे नक्की. आणि भूक तर असतेच. गिऱ्हाईकाला शोधत जायचं नाही, गिऱ्हाईक जिथे आपोआप थांबतं तिथे गरम वडा घेऊन उभं राहायचं.

आमची वेबसाइट हेच करत होती, फक्त आम्हाला ते कळलं नव्हतं. "माथेरान स्वस्त खोली" असं गुगलवर टाकलं की पहिल्या पानावर आम्ही यायचो. ते आमचं कर्जत स्टेशन. एके दिवशी गुगलने काहीतरी बदललं आणि आम्ही तिसऱ्या पानावर गेलो. फोन निम्म्यावर आले. आम्ही काहीच चूक केली नव्हती, पण थांबा आमचा नव्हताच, दुसऱ्याचा होता.

कर्जतलाही आता तेच होऊ घातलंय. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत, त्यामुळे तिला मागून इंजिन लागत नाही, आणि ती कर्जतला थांबतही नाही. वड्याची चव आहे तशीच आहे, पण थांबण्याचं कारण हळूहळू कमी होतंय. अर्थात इतक्या वर्षांत नुसत्या थांब्यावर न राहता त्या वड्याने नाव कमावलं. लोक आता गाडी थांबते म्हणून नाही, तर वडा खायचा म्हणून थांबतात. आम्हाला तेवढा वेळ मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी आम्ही तो लोगोचा रंग बदलण्यात घालवला असता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. छोटी गाडी.

माथेरानचा डोंगर इंग्रजांच्या नजरेत भरला तो १८५० मध्ये. ठाण्याचा तेव्हाचा कलेक्टर ह्यू मॅलेट खालापुरातल्या चौकला मुक्कामाला होता. तिथून तो वर चढला, आवडला, आणि तिथे घरं बांधायला सुरुवात झाली. पुढे रेल्वे नेरळवरून गेली आणि माथेरान मुंबईच्या जवळ आलं. पण नेरळहून वर जायचं कसं? पायी, घोड्यावर, नाहीतर पालखीत. सुमारे साडेसातशे मीटरची चढण. म्हणजे मुंबई ते नेरळ आरामात, आणि शेवटचे काही मैल जीव काढणारे. आमच्या धंद्यात ह्याला "लास्ट माईल"चा प्रॉब्लेम म्हणतात आणि त्यावर कोटींच्या कोटी जाळतात.

हा प्रॉब्लेम सोडवला तो पीरभॉय कुटुंबाने.

सर आदमजी पीरभॉय. काठियावाडातून मुंबईत आलेलं दाऊदी बोहरा कुटुंब. जन्म १८४६ चा. मुंबईच्या रस्त्यावर काडेपेट्या विकून त्यांनी सुरुवात केली असं त्यांच्याबद्दल सांगतात. पुढे लष्कराला तंबू पुरवायची कामं मिळाली. १८८७ च्या सुमारास धारावीत चामडं कमवायचा मोठा कारखाना उभा राहिला. लष्कराचे बूट, सामान. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले, आणि १९०७ मध्ये कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष. काडेपेटी ते शेरीफ!

ह्या आदमजींचं माथेरानला येणं-जाणं असे. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन. ह्या मुलाने ठरवलं की नेरळहून माथेरानला रेल्वे न्यायची. काम १९०४ मध्ये सुरू झालं आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी वर पोचली. खर्च सोळा लाख रुपये. तेव्हाचे!

एक इंजिनीअर म्हणून मला ह्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांनी काय केलं नाही ती. त्यांनी बोरघाटासारखं काम काढलं नाही. पंचवीस बोगदे नाहीत. सबंध लाईनवर एकच बोगदा, तोही एवढा छोटा की लोक त्याला "वन किस टनेल" म्हणतात. डोंगर फोडायच्या ऐवजी त्यांनी डोंगराचं ऐकलं. जिथे डोंगर वळतो तिथे रूळ वळतात. घोड्याच्या नालेसारखी वळणं घेत घेत, सरळ रेषेत थोडंसं असलेलं अंतर गाडी वीस-एकवीस किलोमीटरमध्ये कापते. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. अरुंद रूळ म्हणजे वळण जास्त आवळता येतं, खोदकाम कमी, पूल छोटे, पैसा कमी.

ह्यासाठी त्यांनी सल्ला घेतला एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा. हा माणूस म्हणजे एक वेगळाच नग. ह्यानेच आपली बार्शी लाईट रेल्वे बांधली होती, १८९७ ची. अरुंद रुळांवर वजन कसं वाटायचं, स्वस्तात टिकाऊ रेल्वे कशी करायची, हे त्याने बार्शीच्या माळावर करून बघितलं होतं. (पुढे ह्याच माणसाने पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं. आणि आम्ही एक फ्रेमवर्क शिकलो की रेझ्युमे बदलतो!) म्हणजे माथेरानची लाईन शून्यातून सुरू झाली नव्हती. दुसरीकडे चाललेली गोष्ट, इथल्या डोंगराला बेतून, वापरली होती.

एक अडचण मात्र खरीच नवी होती. चढ वीस फुटाला एक फूट. बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट. एवढा चढ चढायचा तर इंजिनाची सगळी चाकं जोर लावणारी हवीत. पण सगळी चाकं एकमेकांना घट्ट जोडली की इंजिन आवळ वळणावर वळत नाही, रुळावरून उतरतं. जोर पाहिजे तर वळण नाही, वळण पाहिजे तर जोर नाही. ह्यावर जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल कंपनीची इंजिनं आणली. त्यांच्या टोकाच्या चाकांचे आस पोकळ होते. आतला दांडा ताकद देतो आणि बाहेरचा पोकळ आस वळणाप्रमाणे थोडा सरकतो, थोडा फिरतो. क्लीन-लिंडनर नावाची ही युक्ती. जिथे अडतं तेवढ्याच जागी थोडा सैलपणा ठेवायचा, बाकी सगळं घट्ट. ही इंजिनं १९८२ पर्यंत चालली. पंचाहत्तर वर्षं! माझं कुठलंही सॉफ्टवेअर पंचाहत्तर महिने चाललं तरी मी पेढे वाटीन.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. कुठल्याही कॉन्फरन्समध्ये स्लाईडवर टाकता येईल. कमीत सुरू करा, गिऱ्हाईक थांबतं तिथे उभे राहा, डोंगराशी भांडू नका. टाळ्या. पण रविवारी गाडीत बसल्यावर मला तीन गोष्टी टोचत राहिल्या.

पहिली, स्वस्ताईची किंमत कुणीतरी भरतंच. अरुंद रूळ, आवळ वळणं, म्हणून गाडीचा वेग ताशी बारा किलोमीटर. टॅक्सी नेरळहून दस्तुरीला अर्ध्या तासाच्या आत नेते, गाडीला अडीच तासांच्या आसपास लागतात. आणि डोंगराचं ऐकत गेलेली लाईन डोंगर घसरला की बरोबर घसरते. २६ जुलै २००५ च्या पावसात ती वाहून गेली, ती २००७ मध्ये परत सुरू झाली. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून बंद, २०१८ मध्ये पूर्ववत. २०१९ च्या पावसात पुन्हा वाहून गेली, ती नेरळपासून वरपर्यंत पुन्हा धावली २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये. आपण ज्याला टेक्निकल डेट म्हणतो, ते कर्ज इथे दर काही पावसाळ्यांनी वसूल होतं. आज ते मध्य रेल्वे भरते. आमचं कोण भरणार होतं?

दुसरी, भांडवल. "काडेपेट्या विकणारा माणूस" ही ओळ सगळ्यांना आवडते. मलाही. पण माथेरानची रेल्वे काडेपेटीवाल्याने बांधली नाही, त्याच्या मुलाने बांधली, आणि तोवर मागे तंबू होते, चामड्याचा कारखाना होता, लष्कराचे ठेके होते. मधली चाळीस वर्षं गाळली की गोष्ट एका ओळीत बसते. आपल्याकडे क्विक हीलच्या कैलाश काटकरांची गोष्ट अशीच सांगतात: कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या मुलाने अँटिव्हायरस कंपनी काढली. खरं आहे. पण दुरुस्तीचं दुकान आधी वर्षानुवर्षं चालत होतं. दुकानात येणारे संगणक व्हायरसनेच बिघडलेले असायचे, हे त्यांना रोज दिसत होतं, आणि भाऊ संजय प्रोग्राम लिहू शकत होता. नव्वदच्या दशकात लागलेलं हे रोप २०१६ मध्ये शेअर बाजारात गेलं. आमच्या मागे कुठलं दुकान होतं? फक्त बाबांच्या शिफ्टा.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट टोचली. गाडी आली म्हणून माणसाच्या खांद्यावरचं ओझं गेलं का? नाही. माथेरानमध्ये मोटारींना बंदी, त्यामुळे पुढे शंभराहून जास्त वर्षं तिथे माणसं माणसांना हातरिक्षात बसवून ओढत राहिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला. म्हणजे रेल्वे, टेलिफोन, इंटरनेट, आमची वेबसाइट, सगळं येऊन गेलं, आणि शेवटचा मैल ओढणारा माणूस तोच. आमच्या पानावर "रूमपर्यंत सामान पोच" असं लिहिलेलं असायचं. ते सामान कोण पोचवतं ह्याचं नाव आमच्या डेटाबेसमध्ये कुठल्याच कॉलममध्ये नव्हतं.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

२०१८ च्या एकतीस डिसेंबरला बोरिवलीचं एक कुटुंब आमच्या बुकिंगवर आलं होतं. पाच माणसं, त्यात एक आजी. लॉजवाल्याने आयत्या वेळी दुप्पट पैसे देणाऱ्या दुसऱ्याला खोली देऊन टाकली. रात्री नऊ वाजता ही माणसं दस्तुरीला थंडीत उभी. मंग्या टॅक्सी करून वर गेला, माफी मागितली आणि सगळ्यांना खाली नेरळला आपल्या घरी घेऊन आला. काकूंनी पिठलं-भाकरी केली. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात नवीन वर्ष उजाडलं. मला वाटलं झालं, आता हे लोक इंटरनेटवर आमची लाज काढणार. उलट पुढच्या सहा महिन्यांतली आमची कितीतरी बुकिंगं त्या एका कुटुंबाच्या ओळखीतून आली. वेबसाइटमुळे नाही, काकूंच्या पिठल्यामुळे.

हे मी सगळ्यांना सांगतो. मुलाखतीतसुद्धा सांगितलंय. पण दुसरी गोष्ट सांगत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये आमच्याकडे एप्रिल-मेची तेवीस बुकिंगं होती. प्रत्येकी १,५०० रुपये आगाऊ घेतलेले. ते पैसे लॉजवाल्यांकडे गेले होते, आणि त्यांच्याकडेही काही उरलं नव्हतं. सतरा जणांचे आम्ही परत केले, बाबांच्या पैशातून उरलेले होते त्यातून. सहा जणांना मेल टाकला की "परिस्थिती निवळल्यावर आपली रक्कम वापरता येईल". मग डोमेनचे पैसे भरले नाहीत आणि वेबसाइट बंद झाली. सहा गुणिले दीड हजार. नऊ हजार रुपये. पुढे नोकरी लागली, पगार आला, मोबाईल दोनदा बदलला, आणि ते नऊ हजार तसेच राहिले. कुणी मागितले नाहीत म्हणून.

काडेपेट्या विकणारा माणूस रस्त्यावर समोरासमोर असतो. पेटी दमट निघाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तिथेच येऊन उभं राहतं. ऑनलाइन धंद्यात दुकान एका रात्रीत गायब करता येतं. आम्हाला वाटत होतं आमचं वैशिष्ट्य म्हणजे आमची टेक्नॉलॉजी. आमचं खरं वैशिष्ट्य हे निघालं, की आम्हाला कुणी शोधू शकत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी नेरळहून कर्जत, कर्जतहून खोपोली लोकल. (ती चुकली की पुढचीला किती वेळ, हे खोपोलीकरांनाच विचारा.) घरी आल्यावर बाबांना म्हटलं, "बाबा, मंग्या परत विचारतोय. ह्या वेळी खालापूर बाजूची घरगुती राहायची सोय, शेतावर वगैरे. तुम्हाला काय वाटतं?"

बाबा काही बोलले नाहीत. कपाटातून त्यांची हिशोबाची जुनी वही काढली आणि पान उघडून समोर ठेवलं. "वेबसाइट – १,८०,०००". मला वाटलं ते खर्चाच्या बाजूला असेल. नव्हतं. ते "उसने दिलेले" ह्या सदरात होतं. त्याखाली मी अधूनमधून घरी दिलेले पैसे तारखेनिशी वजा केलेले. बाकी ६४,००० रुपये.

"तुम्ही हे सोडलं नव्हतं?" मी विचारलं.

"सोडायला तू मागितलं कुठे होतंस?" बाबा म्हणाले. "उसने म्हणून दिले, उसने म्हणून लिहिले. धंदा बुडाला म्हणून वही बुडत नाही."

मग त्यांनी विचारलं, "लोकांचे सगळे दिले होते ना?"

मी खोटं बोललो नाही, एवढंच सांगतो.

रात्री जुना बॅकअप उघडला. सहाच्या सहा नंबर होते. सोमवारी लंच ब्रेकमध्ये एकेकाला फोन लावले. एक नंबर बंद. दोघांना आठवतच नव्हतं, त्यांना वाटलं फसवणुकीचा फोन आहे, आणि त्यांनी ठेवून दिला! त्यांना मेसेज करून जुनी पावती पाठवली, तेव्हा कुठे एकाचा विश्वास बसला. आत्तापर्यंत चार जणांचे गेले आहेत. त्यातल्या एका बाईंनी लिहिलं, "मला वाटलं होतं तुम्ही पळालात." मी लिहिलं, "हो, पळालोच होतो." पुढे काय लिहावं सुचलं नाही.

मंग्याला माझं उत्तर कळवलंय. नोकरी सोडणार नाही. सहा महिने फक्त वीकेंड. पहिले तीन महिने वेबसाइट नाहीच, एक फोन आणि एक वही. दोन्ही टोकांना माणूस आणि मध्येही माणूस, खोपोली-खंडाळ्यासारखं. सामान उचलणाऱ्याचं नाव आणि त्याचे पैसे वहीत पहिल्या कॉलममध्ये. आणि आगाऊ घेतलेला रुपया काम होईपर्यंत वेगळ्या खात्यात.

मंग्या म्हणाला, "ह्यात स्टार्टअप काय आहे?"

म्हटलं, "काही नाही. आधी वही लिहिता येते का बघू."

अजून दोन जण बाकी आहेत, एक बंद नंबरवाले आणि एक विश्वास न बसलेले. बंद नंबरवाल्यांचा पत्ता बुकिंगमध्ये आहे, डोंबिवलीचा. पुढच्या शनिवारी जाऊन येतो. असो. भेटू पुढच्या वीकेंडला!